ढाल नव्हे, चेंडू

सत्तावीस वर्षे मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवला, आणि त्या सत्तावीस वर्षांत जवळजवळ प्रत्येक तुकडीला मी एक खोटी गोष्ट छातीठोकपणे सांगितली. भौगोलिक शोधांचा पाठ सुरू करायच्या आधी मी टेबलावरचे हजेरीपुस्तक उचलून आडवे धरायची, त्याच्या कडेवर खडूचा तुकडा ठेवायची आणि म्हणायची, "मध्ययुगातल्या युरोपात सगळ्यांना वाटायचं, पृथ्वी अशी सपाट आहे. फार लांब गेलं की जहाज असं खाली!" खडू पडायचा, मुले हसायची, वर्ग हाताशी यायचा. पाठ्यपुस्तकात असे काही छापलेले नव्हते. ते वाक्य माझ्या पदरचे होते. कुठेतरी ऐकलेले, कधीही न तपासलेले.

निवृत्तीनंतर लेकीकडे न्यूकॅसलला राहायला गेले, तेव्हा टाइन नदीच्या काठच्या जॅरो गावातले जुने चर्च पाहायला आम्ही दोनदा गेलो, आणि त्या निमित्ताने तिथे आठव्या शतकात होऊन गेलेल्या बीड नावाच्या मठवासी शिक्षकाचे लिखाण हळूहळू वाचत गेले. (बीड म्हटल्यावर आपल्याला जिल्हा आठवतो, लेकीने पहिल्यांदा नाव घेतले, तेव्हा मीही "तिथे कुठे बीड?" असेच विचारले होते.) एका संध्याकाळी त्याच्या काळगणनेवरच्या ग्रंथातला बत्तिसावा अध्याय उघडला. दिवस-रात्र सगळीकडे सारखे का नसतात, हे तो समजावून सांगत होता. कारण पृथ्वी गोल आहे. आणि गोल म्हणजे ढालीसारखी नुसती वाटोळी नव्हे, तर सगळ्या बाजूंनी सारख्या गोलाईच्या चेंडूसारखी, असे त्याने लिहिले आहे. हा ग्रंथ ७२५ सालचा, कोलंबसाच्या जहाजांच्या ७६७ वर्षे आधीचा. ढाल आणि चेंडू यांतला फरक स्पष्ट करावासा वाटतो, तो शिक्षकालाच. ‘गोल’ म्हटले की एखादा मुलगा भाकरी समजणार, हे त्याला वर्गातल्या अनुभवाने ठाऊक असणार. मी पुस्तक मिटून ठेवले आणि बराच वेळ माझा खडू आठवत बसले.

बीडचे चरित्र सांगायला घेतले तर चार ओळींत संपते, आणि त्या चार ओळी त्याने स्वतःच लिहून ठेवल्या आहेत. जन्म ६७३ च्या सुमारास, मठाच्याच जमिनीवर. सातव्या वर्षी नातलगांनी त्याला शिक्षणासाठी मठाधिपती बेनेडिक्ट बिस्कप याच्या आणि पुढे चेओलफ्रिथ याच्या स्वाधीन केले. एकोणिसाव्या वर्षी पहिली दीक्षा, तिसाव्या वर्षी धर्मगुरुपद. त्यानंतरचे सारे आयुष्य त्याच मठात. शिकणे, शिकवणे आणि लिहिणे यांतच मला नेहमी गोडी वाटली, असे तो सांगतो. लिंडिसफार्न बेट आणि यॉर्क शहर यांच्या पलीकडे तो कधी गेल्याची नोंद सापडत नाही. आईवडिलांचा उल्लेख नाही. त्यांनी त्याला दिले की ते आधीच गेले होते, हे त्या ‘नातलगांनी’ या एका शब्दाआड राहते.

जॅरोला गेलो तेव्हा माझा नातू सातच वर्षांचा होता. त्याच्या बुटाची नाडी सुटली होती आणि ती बांधायला तो मला खाली वाकायला लावत होता, त्या क्षणी त्या ‘सातव्या वर्षी’चा अर्थ मला जरा जवळून कळला.

चर्चचा पुढचा भाग अलीकडचा आहे, पण वेदीकडचा जुना भाग बीडच्या काळातला. कमानीच्या वर भिंतीत एक शिलालेख बसवला आहे: राजा एग्फ्रिथच्या पंधराव्या वर्षी आणि मठाधिपती चेओलफ्रिथच्या चौथ्या वर्षी, २३ एप्रिलला या वास्तूचे समर्पण झाले. साल निघते ६८५. अक्षरे अजून वाचता येतात. दक्षिणेकडच्या एका अगदी लहान खिडकीत त्या काळच्या रंगीत काचेचे तुकडे जोडून बसवले आहेत. काच करणारे कारागीर तेव्हा ब्रिटनमध्ये नव्हतेच; बिस्कपने ते आजच्या फ्रान्सच्या बाजूने, गॉलमधून आणले. रोमच्या वाऱ्या करून त्याने ग्रंथही आणले, इतके की अभ्यासकांच्या अंदाजाने वेअरमथ आणि जॅरो या त्याच्या दोन जुळ्या मठांच्या संग्रहात दोनशेहून अधिक ग्रंथ असावेत. बीडला कुठे जावे लागले नाही, कारण त्याच्या आधीच्या एका माणसाने त्याच्यासाठी पायपीट करून ठेवली होती. मोठ्या विद्वानांच्या चरित्रात पुस्तके आणणाऱ्या माणसाला एखादे वाक्य मिळते, हे मला नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे.

६८६ च्या सुमारास साथ आली. चेओलफ्रिथच्या जुन्या चरित्रात त्या दिवसांची हकीकत आहे. जॅरोच्या मठात वाचता, गाता, प्रवचन करता येणारे सगळे गेले. उरले फक्त मठाधिपती आणि त्याने वाढवलेला एक लहान मुलगा. रोजची प्रार्थना दोन गटांनी आलटून पालटून गायची असते, आणि इथे दोन गट करायला माणसेच नव्हती. म्हणून चेओलफ्रिथने स्तोत्रांच्या मधली पालुपदे गाळून टाकायचे ठरवले. आठवडाभर तसे रडत रडत चालले. मग त्याला ते सोसवेना, आणि त्या दोघांनीच, पुन्हा माणसे तयार होईपर्यंत, मोठ्या कष्टाने पूर्ण प्रार्थना गायला सुरुवात केली. चरित्रात मुलाचे नाव दिलेले नाही, तो मुलगा आता त्याच मठात धर्मगुरू आहे एवढेच म्हटले आहे. बहुतेक अभ्यासक तो बीडच असे मानतात. मला यात साथीपेक्षा तो आठवडा महत्त्वाचा वाटतो. सोय म्हणून गाळले, आणि मग गाळलेले परत घेतले. शाळेत ‘पोर्शन’ पुरा करण्याच्या घाईत गाळलेले कितीतरी धडे मी कधीच परत घेतले नाहीत.

अशा शिक्षकाच्या हाताखाली वाढलेला मुलगा पुढे शिक्षक झाला तर तो कशाने सुरुवात करील? काळगणनेच्या त्या मोठ्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात बीड सूर्य-चंद्राकडे जात नाही. तो बोटांवर मोजायला शिकवतो. डाव्या हातावर एकम-दशक, उजव्या हातावर शतक-सहस्र, असे करत दोन हातांवर ९९९९ पर्यंत. त्याच बोटांनी गुपचूप बोलताही येते, हेही तो सांगतो: प्रत्येक अक्षराला त्याचा क्रमांक द्यायचा. आपला मित्र लबाड माणसांत सापडला असेल, तर त्याला लांबून ३, १, २०, १९, ५ आणि मग १, ७, ५ अशी बोटे दाखवायची, की लॅटिनमध्ये ‘जपून वाग’ असे वाक्य होते. हे वाचताना मागच्या बाकावरची माझी काही पोरे डोळ्यांसमोर आली. त्यांना हा अध्याय एका दिवसात पाठ झाला असता.

पण बोटांचा खरा उपयोग पुढे आहे. ईस्टरचा सण चंद्रावर अवलंबून, आणि वर्ष सूर्याचे; त्यामुळे दोघांचा मेळ घालावा लागतो, आणि तो मेळ एकोणीस वर्षांनी बसतो. हे आपल्याकडे कुठल्याही आजीला ठाऊक असते: एकोणिसाव्या वर्षी जन्माची तिथी आणि तारीख पुन्हा जुळते. माझ्या अडतिसाव्या वाढदिवसाला आईने "आज दोन्ही आहेत" म्हणून गोडाचे केले होते, ते मला आठवते. बीड हे एकोणीस एका तळहातावर बसवतो. स्वतःचा डावा हात पुढे धरून पाहा: चार बोटांची तीन-तीन पेरे म्हणजे बारा, अंगठ्याची दोन म्हणजे चौदा, आणि पाच नखे. झाले एकोणीस. माझी आई जप करताना अंगठा ज्या पेरांवरून सरकवायची, त्याच पेरांवर जॅरोतली मुले ईस्टरचा चंद्र मोजत होती.

ही गणिते त्या काळी हौसेची नव्हती. बीडच्या जन्माच्या आधी नॉर्थम्ब्रियात, म्हणजे तिथल्या उत्तरेकडच्या राज्यात, राजा ओस्विऊ एक पद्धत पाळी आणि राणी दुसरी. त्यामुळे राजाचा ईस्टर होऊन जेवणावळ चालू असताना राणीचा उपास चालू असे. ६६४ मध्ये व्हिटबीला सभा भरून रोमची पद्धत ठरली, तरी वाद पुष्कळ दिवस पुरला. ज्या जिल्ह्यात टिळक पंचांग आणि दुसरे पंचांग यांच्यामुळे एकाच आळीत गणपती कधीकधी दोन वेगवेगळ्या महिन्यांत बसतात, तिथल्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही.

याच गणिताने बीडवर एकदा बालंटही आले. जगाच्या निर्मितीपासून ख्रिस्तजन्मापर्यंत किती वर्षे गेली, याचा प्रचलित आकडा पाच हजारांच्या वर होता. बीडने हिब्रू बायबलच्या आधाराने मोजून तो ३९५२ वर आणला. ७०८ मध्ये हेक्सहॅमच्या बिशप विल्फ्रिडच्या पंगतीत काही लोकांनी, दारूच्या भरात, बीड पाखंडी आहे असे म्हटले. ते ऐकून बीडने प्लेग्विन नावाच्या मित्राला जे पत्र लिहिले, त्यात सौम्य साधूचा मागमूस नाही. तो अक्षरशः पेटलेला आहे. निंदकांना अडाणी गावंढळ म्हणतो, आणि हे पत्र बिशपच्या समोर मोठ्याने वाचले जावे अशी तजवीज करायला सांगतो. पस्तिशीच्या या तापट माणसाचे मला फार बरे वाटले. ज्याला हिशेबाचे काही पडलेले नसते, त्याला हिशेब चुकीचा म्हटल्याचा राग येत नाही.

भरती-ओहोटीबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगते, कारण तो आमच्या घरचा विषय आहे. कोकणात भरतीची वेळ काढायची साधी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, त्यावर हा सारा हिशेब. बीडने तरुणपणी सृष्टीवर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात रोमन लेखक प्लिनीच्या आधाराने हेच अंतर दिले आहे: पाऊण तास आणि वर तासाचा चोविसावा भाग, म्हणजे साडेसत्तेचाळीस मिनिटे. ‘पाऊण’ला लॅटिनमध्येही स्वतंत्र शब्द आहे, याचा मला उगाचच आनंद झाला.

जॅरोच्या चर्चच्या खालून डॉन नावाची एक लहान नदी टाइनला मिळते, आणि भरतीचे पाणी तिच्यातही चढते. आम्ही दुसऱ्यांदा गेलो, तो दिवस पंचमीचा होता. पावणेचार वाजता मी मुद्दाम काठावर जाऊन उभी राहिले. नदीत चिखल उघडा पडला होता, मध्ये पाण्याची बारीक धार होती आणि दोन पक्षी त्या चिखलात चोची खुपसत होते. आजीचा हिशेब चुकला म्हणून नातू खूष झाला. घरी येऊन बीडचा मोठा ग्रंथ काढला, तर त्यात उत्तर होते. तरुणपणी प्लिनीचा आकडा उतरवून घेतलेल्या या माणसाने पुढे स्वतःच्या किनाऱ्याची माहिती जमवली होती. ब्रिटनच्या निरनिराळ्या काठांवर राहणाऱ्या आम्हा लोकांना ठाऊक आहे, असे म्हणून तो सांगतो की एकाच किनाऱ्यावर एके ठिकाणी पाणी चढू लागते, तेव्हा दुसरीकडे उतरू लागलेले असते. चंद्राशी असलेले नाते प्रत्येक ठिकाणी कायम राहते, पण ते त्या त्या ठिकाणचे वेगळे असते. आमची पाऊणपट कोकणात खरी. टाइनच्या मुखाशी तिला तिथला फरक जोडावा लागतो. मठाबाहेर फारसे न पडलेल्या माणसाला हे कळले, कारण त्याने काठाकाठावरच्या लोकांकडून ते विचारून घेतले.

विचारून घेणे हाच त्याच्या इतिहासलेखनाचाही पाया आहे. ७३१ मध्ये पुरा केलेल्या इंग्रज लोकांच्या धर्मेतिहासाच्या प्रस्तावनेत, कोणत्या प्रांताची माहिती कोणाकडून मिळाली, याची तो यादीच देतो. कॅंटरबरीचा मठाधिपती अल्बिनस आणि लंडनचा धर्मगुरू नोथेल्म यांची नावे त्यात ठळक आहेत. या नोथेल्मने रोमला जाऊन पोपच्या दप्तरातली जुनी पत्रे उतरवून आणली होती. बायबलच्या टीकाग्रंथांत बीडने आणखी एक केले. ऑगस्टीन, अँब्रोज, जेरोम, ग्रेगरी या जुन्या धर्मपंडितांपैकी कोणाचे वाक्य आपण घेतले, हे कळावे म्हणून त्याने समासात त्या त्या नावाची दोन-दोन अक्षरे लिहिली, आणि नक्कल करणाऱ्यांना विनवले की एवढी अक्षरे तेवढी गाळू नका. बहुतेक नकलाकारांनी ती गाळली. तरी काही जुन्या प्रतींत ती उरली आहेत. आणि ख्रिस्तजन्मापासून सन मोजण्याची जी पद्धत आज माझ्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतही आहे, ती डायोनिसियस नावाच्या मठवासीने सहाव्या शतकात काढली असली, तरी एका मोठ्या इतिहासग्रंथात सलग वापरून ती रुळवली बीडने.

हे सगळे खरे असले तरी त्याच्या इतिहासातला एक प्रसंग मला अजून गिळवत नाही. चेस्टरच्या लढाईत मूर्तिपूजक राजा एथेलफ्रिथने बँगॉरच्या मठातल्या सुमारे १२०० निःशस्त्र ब्रिटन मठवाशांची कत्तल केली. ते बीडचे स्वधर्मीय होते, प्रार्थना करत उभे होते. त्यांनी रोमची पद्धत नाकारली होती म्हणून त्यांना मिळालेली ती शिक्षा, असे बीड शांतपणे लिहून पुढे जातो. ज्याला एका आकड्यावरून पाखंडी म्हटल्याचा इतका संताप आला, त्याला या माणसांसाठी एक हळहळीचे वाक्य सुचले नाही. इतिहास शिकवणाऱ्याने हे पान वगळून त्याच्याबद्दल लिहू नये, म्हणून लिहिले.

७३५ च्या ईस्टरच्या आधी त्याला दम लागू लागला. शेवटच्या दिवसांचे वर्णन त्याचा शिष्य कथबर्ट याने एका पत्रात केले आहे, आणि ते मी लेकीच्या स्वयंपाकघरात उभ्याने वाचून संपवले. रोजचे पाठ चालूच होते. शिवाय दोन कामे हातात होती: जॉनचे शुभवर्तमान लोकांच्या इंग्रजीत आणणे, आणि इसिडोर या स्पॅनिश विद्वानाच्या ग्रंथातले काही उतारे काढणे. हे दुसरे काम कशाला, तर माझ्या मुलांनी खोटे वाचावे आणि माझ्यामागे त्यावर फुकट कष्ट करावेत, हे मला नको आहे, असे तो म्हणाला.

या वाक्यापाशी मी थांबले. त्याला दम लागलेला आहे, पाय सुजले आहेत, आणि त्याला काळजी आहे ती चुकीच्या वाक्याची.

मंगळवारी दुखणे वाढले. तरी तो सांगत राहिला, लवकर शिका, मी किती दिवस आहे ठाऊक नाही. बुधवारी सकाळी लिहिणे झाल्यावर बाकीचे मिरवणुकीला गेले, एकजण मागे राहिला. अजून एक अध्याय उरला आहे, पण तुम्हाला त्रास होईल, असे तो म्हणाला. त्यावर बीडने त्याला लेखणी घे, नीट कर आणि भरभर लिही, असे सांगितले. दुपारी त्याने आपली लहानशी पेटी आणवली आणि मठातल्या धर्मगुरूंना बोलावून तिच्यातल्या वस्तू वाटून टाकल्या. वस्तू होत्या तीन: मिरी, हातरुमालासारखी काही वस्त्रे, आणि धूप. मिरी त्या काळी युरोपात पोचत असे ती मुख्यतः आपल्या मलबार किनाऱ्यावरून. आमच्या वाडीत पोफळीवर चढलेला मिरीचा वेल आहे. उन्हात वाळत घातलेले दाणे येता-जाता कोंबड्या विसकटतात, इतकी ती आम्हाला हाताशी. तेच दाणे समुद्र आणि वाळवंटे ओलांडून जॅरोच्या थंडीत एका म्हाताऱ्या शिक्षकाच्या पेटीत जपून ठेवलेले होते, आणि त्याची जगातली सारी मत्ता तेवढीच होती. त्या थंडीची कल्पना यावी म्हणून सांगते: एकोणतीस वर्षांनी हाच कथबर्ट, तेव्हा मठाधिपती, बीडचे ग्रंथ मागणाऱ्या एका बिशपला कळवतो की यंदाच्या हिवाळ्यात लेखकांचे हात चालले नाहीत, म्हणून जास्त नकला पाठवता आल्या नाहीत.

संध्याकाळी विल्बर्ट नावाचा मुलगा म्हणाला, अजून एक वाक्य लिहायचे राहिले आहे. बीड म्हणाला, लिही. थोड्या वेळाने मुलगा म्हणाला, झाले. खरे बोललास, संपले, असे म्हणून बीडने आपले डोके हातांत धरायला सांगितले, कारण ज्या जागी तो प्रार्थना करत असे तिच्याकडे तोंड करून त्याला बसायचे होते. तिथेच, खोलीच्या जमिनीवर, स्तुतिपद म्हणता म्हणता तो गेला. तारीख २५ मे. पण मठात सण सूर्यास्तापासून धरत, म्हणून नोंद २६ मेची झाली. अकराव्या शतकात त्याची हाडे जॅरोहून डरहॅमला नेण्यात आली. तिथल्या कॅथीड्रलच्या पश्चिम टोकाला त्याची समाधी आहे, काळसर दगडाची, साधी.

भारतात परतल्यावर मी जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांब निरोप लिहिला. मध्ययुगातल्या युरोपात सुशिक्षित लोक पृथ्वी सपाट मानत, असे मी तुम्हाला सांगितले होते ते चूक आहे, आठव्या शतकातला एक शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना पृथ्वी चेंडूसारखी आहे असे शिकवत होता, आणि हजेरीपुस्तकावरून खडू पाडणारी मी चुकले, असे त्यात लिहिले. दोन तास कोणी काही बोलले नाही. मग पुण्यात नोकरी करणाऱ्या एकाचे उत्तर आले: "बाई, त्या प्रश्नाचे मला सहामाहीत दोन मार्क मिळाले होते. परत करू का?"

मी त्याला लिहिले, मार्क ठेव, तुझ्या मुलीला मात्र नीट सांग. त्याने लगेच कळवले की मुलगी तिसरीत आहे, आणि तिने आत्ताच विचारले, चेंडू आहे तर खालचे लोक पडत का नाहीत.